इंटरनेट नसताना अनेक डीव्हीडींवरून डेबियन बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची लॅब, गावातलं वाचनालय, किंवा घराच्या माळ्यावरून खाली काढलेला जुना संगणक. जिथे मोबाइलची रेंजसुद्धा खिडकीत उभं राहिल्याशिवाय येत नाही, अशा ठिकाणी लिनक्स बसवायचं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरण डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचं घेतलं, कारण सॉफ्टवेअरचं संपूर्ण भांडार डिस्कवर घेऊन जायची सोय त्यांनी आजही नीट जपली आहे. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या.

डेबियनच्या विसेक डीव्हीडी दिसतात. सगळ्या लागतात का?

नाही. पहिल्या डीव्हीडीवर चालू संगणक उभा राहतो. डेस्कटॉप, ब्राउझर, लिबरऑफिस, छपाईची सोय हे सगळं त्यात येतं. डिस्कवर पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार असे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, मांडताना कोणतं पॅकेज किती जण वापरतात हे बघितलं जातं. सगळ्यांना लागणारी आधीच्या डिस्कवर जातात आणि क्वचित लागणारी मागे जातात. त्यामुळे पहिल्या तीन-चार डिस्कमध्येच बहुतेकांचं काम भागतं.

मग बाकीच्या कशाला न्यायच्या?

तिथे राहणाऱ्यांसाठी. तुम्ही दोन दिवसांनी परत निघाल. सहा महिन्यांनी एखाद्या शिक्षिकेला खगोलशास्त्राचं सॉफ्टवेअर हवं होईल, एखाद्या मुलाला प्रोग्रॅमिंगची वेगळी भाषा शिकायची असेल. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. त्यातलं कोणाला कधी काय लागेल हे आपण आज ठरवू नये. शहरात बसून आपण जे क्षणात उतरवतो, ते तिथल्या मुलाला कपाटातून डिस्क काढून मिळालं पाहिजे. म्हणून जमत असेल तर पूर्ण संच न्या, असंच मी सांगते.

पूर्वी सीडीचा संच मिळायचा. आता का नाही?

पॅकेजेस वाढत गेली. २००५ च्या ३.१ आवृत्तीलाच १४ सीडी लागत होत्या, नंतर तो आकडा अवघड झाला. २०१७ च्या डेबियन ९ पासून सीडींचे पूर्ण संच बंद झाले. आता डीव्हीडी आणि ब्लू-रे एवढेच संच निघतात.

नेटइन्स्ट नावाची लहान फाइल चालेल का?

त्यातून फक्त मूळ सिस्टीम बसते आणि काळा पडदा मिळतो. डेस्कटॉप ती इंटरनेटवरून मागते. आपल्या कामाची नाही.

संगणक फार जुना, ३२-बिटचा आहे. कोणती आवृत्ती घेऊ?

डेबियन १२. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर निघत नाही. १२ ला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे. मात्र २ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर डेस्कटॉप निवडताना एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई घ्या, ग्नोम नको. ग्नोम बसेल, पण वर्गातल्या मुलाला माउस हलवून वाट बघत बसावं लागेल.

डेबियनच्या साइटवर पहिल्या डीव्हीडीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, मिळते, पुढच्यांची मिळत नाही. कुठे शोधू?

पुढच्या बहुतेक डिस्कच्या तयार आयएसओ ठेवलेल्याच नसतात. त्या जिग्डोने तयार करायच्या असतात. नाव ऐकून लोक दचकतात, पण युक्ती सोपी आहे. डीव्हीडीवर जी पॅकेजेस असतात, तीच जगभरच्या आरशांवर, म्हणजे मिरर सर्व्हरवर, सुटी पडलेली असतात. तीच पुन्हा साडेचार जीबीच्या एकेक गठ्ठ्यात ठेवून जागा का अडवायची? म्हणून प्रत्येक डिस्कसाठी दोनच फाइली दिलेल्या असतात. जिग्डो फाइलमध्ये कोणती पॅकेजेस कुठून आणायची याची यादी असते आणि टेम्प्लेट फाइलमध्ये ती कशी जुळवायची याचा साचा. जिग्डो-लाइट ही कमांड देऊन जिग्डो फाइलचा पत्ता द्यायचा, जवळचा मिरर निवडायचा. पॅकेजेस उतरत जातात आणि साच्यात बसत जातात. शेवटी तयार झालेली आयएसओ मूळ डिस्कशी तंतोतंत जुळते.

मध्येच वीज गेली तरी घाबरू नका. पुन्हा तीच कमांड द्या, आधी उतरलेलं वाया जात नाही. हे काम कुठल्याही डेबियन किंवा उबुंटू संगणकावर होतं. त्यासाठी जिग्डो-फाइल नावाचं पॅकेज बसवावं लागतं. पूर्ण संचासाठी ऐंशी-नव्वद जीबी डेटा आणि तेवढीच रिकामी जागा लागते, म्हणून महाविद्यालयातलं किंवा ऑफिसमधलं चांगलं कनेक्शन बघा आणि परवानगी घेऊनच लावा.

उतरवलेली आयएसओ धड आहे हे कसं ओळखायचं?

आयएसओच्या शेजारीच एसएचए २५६ बेरजांची फाइल असते. बेरीज म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण. एसएचए-२५६-सम कमांडने आपल्या फाइलची बेरीज काढा आणि यादीशी जुळवा. एक अक्षर चुकलं तरी फाइल बाद. हे काम घरीच करायचं. गावात पोचल्यावर अकरावी डिस्क बिघडलेली निघाली तर तिथे काहीच इलाज नसतो.

डिस्क लिहिताना काय सांभाळायचं?

आयएसओ फाइल डिस्कवर नुसती कॉपी करायची नाही, "इमेज बर्न करा" हाच पर्याय घ्यायचा. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा. जुन्या लॅबमधल्या ड्राइव्हची भिंगं धुळीने मंद झालेली असतात, त्यांना सावकाश लिहिलेली डिस्क जास्त नीट वाचता येते. लिहून झाल्यावर पडताळणी करून घ्या.

आणि डिस्कवर नाव लिहा. सीडी मार्करनेच लिहा, बॉलपेनने ओरखडा पडतो. नुसता "३" लिहून भागत नाही. आवृत्ती बिंदूसकट, आर्किटेक्चर (३२-बिट की ६४-बिट) आणि डिस्कचा क्रमांक हे तिन्ही हवं. एका आश्रमशाळेत आम्ही दोन वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या डिस्क एकाच डब्यात घालून नेल्या होत्या. दोन्हींवर फक्त "डेबियन १२" आणि क्रमांक होता. अर्ध्या १२.२ च्या, अर्ध्या १२.५ च्या. डेस्कटॉप बसला, पण पुढे एकेक पॅकेज मागायला लागलं की उत्तर यायचं की या पॅकेजला अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती हवी आहे आणि ती बसवता येत नाही. संध्याकाळपर्यंत कारण कळेना. शेवटी प्रत्येक डिस्क घालून तिच्या आतल्या डॉट-डिस्क फोल्डरमधली इन्फो फाइल उघडली तेव्हा उलगडा झाला. त्या फाइलमध्ये आवृत्ती आणि तारीख पूर्ण लिहिलेली असते. शंका आली की पहिल्यांदा तीच बघा. दोन संच कधीही मिसळू नका.

संगणकाला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. पेनड्राइव्हवरून होईल?

पहिली डिस्क पेनड्राइव्हवर सरळ लिहिता येते. डेबियनच्या आयएसओ त्यासाठीच दुहेरी बनवलेल्या असतात. विंडोजवर पेनड्राइव्ह लिहायला रूफस हे साधन वापरत असाल तर विचारल्यावर डीडी पद्धत निवडा. दुसऱ्या पद्धतीने किंवा इतर काही साधनांनी लिहिलेल्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू तर होतो, पण थोड्या वेळाने "इन्स्टॉलेशन मीडिया सापडला नाही" म्हणून अडून बसतो. या एका चुकीपायी कितीतरी जणांनी डेबियन सोडून दिलं आहे.

बाकीच्या आयएसओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली म्हणून न्या आणि त्या कशा वापरायच्या ते पुढे बघा. फक्त ती हार्ड डिस्क फॅट ३२ पद्धतीची नको. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

इन्स्टॉलर मराठीत चालतो का?

चालतो. सुरुवातीच्या मेनूत ग्राफिकल इन्स्टॉल निवडा, मग भाषांच्या यादीत मराठी दिसेल. साध्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये देवनागरी दाखवता येत नाही, म्हणून तिथे मराठी नसते. शाळेत शक्य तिथे मराठीतच बसवा. शिक्षक बाजूला उभे राहून वाचतात, प्रश्न विचारतात, आणि पुढच्या वेळी स्वतः करतात.

इन्स्टॉल करताना नेमकं कुठे काय उत्तर द्यायचं?

सगळा घोळ तीन ठिकाणी होतो, म्हणून तिथे सावकाश जाऊ.

पहिलं ठिकाण नेटवर्कचं. इन्स्टॉलर केबल शोधतो, पत्ता मागतो, सापडत नाही म्हणून लाल पट्टी दाखवतो. ती चूक नाही. "आत्ता नेटवर्क जुळवू नका" हा पर्याय घ्या आणि पुढे चला.

दुसरं ठिकाण डिस्कच्या वाटण्यांचं. यात घाई नको. त्या संगणकावर कोणाचे फोटो, निकालपत्रकं, पगारपत्रकं आहेत का हे मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय "संपूर्ण डिस्क वापरा" वर बोट ठेवू नका.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं ठिकाण मूळ सिस्टीम बसल्यावर येतं. इन्स्टॉलर सांगतो की पहिली डिस्क वाचून झाली, आणखी डिस्क तपासायच्या आहेत का? इथे बहुतेक लोक सवयीने "नाही" म्हणतात आणि पुढे पस्तावतात. पहिली डिस्क काढा, दुसरी घाला, "होय" म्हणा. ड्राइव्ह घरघरेल, मिनिटभर यादी वाचेल आणि पुन्हा तोच प्रश्न विचारेल. मग तिसरी, चौथी. क्रम चुकला तरी बिघडत नाही, पण १, २, ३ असं गेलं तर आपलाच गोंधळ होत नाही. या वेळी पॅकेजेस कॉपी होत नाहीत, कोणत्या डिस्कवर काय आहे याची फक्त यादी बनते. सगळ्या झाल्या की "नाही" म्हणा. पहिली डिस्क परत मागितली तर ती घाला.

लगेच पुढचा प्रश्न येतो : नेटवर्क मिरर वापरायचा का? उत्तर "नाही". इथे "होय" म्हटलंत तर इन्स्टॉलर नसलेल्या सर्व्हरची वाट बघत बसेल. त्यावर तो ताकीद देईल की सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. ताकीद खरी आहे, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

रूटचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचा, पासवर्ड विचारेल तेव्हा जागा रिकामी सोडली तर पहिल्या वापरकर्त्यालाच सुडोचा, म्हणजे व्यवस्थापकाची कामं करायचा, अधिकार मिळतो. शाळेत एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा असतो, म्हणून मी तसंच करते. तो पासवर्ड कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचा.

मध्येच "अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये घाला" असं येतं. काही बिघडलं का?

नाही. हवं ते पॅकेज दुसऱ्या डिस्कवर आहे एवढाच त्याचा अर्थ. संदेशात डिस्कचं पूर्ण नाव असतं, ते तुमच्या मार्करच्या अक्षरांशी जुळवा, डिस्क बदला आणि एंटर दाबा. या वेळी संगणकाजवळच बसा. एकदा जेवायला गेलो आणि तासाभराने आलो तर संगणक पहिल्याच मिनिटापासून दुसऱ्या डिस्कची वाट बघत थांबला होता.

डिस्क अर्ध्यात वाचलीच नाही तर?

डिस्क काढून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नाही. मग पुन्हा प्रयत्न करा. तरी अडलं तर इन्स्टॉलरच्या मुख्य मेनूत मीडिया तपासायचा पर्याय आहे, त्याने दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे कळतं. नेमकी तक्रार बघायची असेल तर नोंदींचा पडदा उघडा : साध्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ४, ग्राफिकलमध्ये त्याच्या जोडीला कंट्रोल. पहिल्या डिस्कची दुसरी प्रत मी नेहमी सोबत ठेवते.

इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्क तपासायच्या राहून गेल्या. आता पुन्हा पहिल्यापासून?

अजिबात नाही. डिस्क घाला, टर्मिनल उघडा आणि सुडो एपीटी-सीडीरॉम ॲड ही कमांड द्या. एपीटी म्हणजे पॅकेजेस बसवणारं डेबियनचं साधन. डिस्कची यादी वाचली जाईल. पुढच्या प्रत्येक डिस्कसाठी हेच. नंतर नेहमीसारखं एपीटी इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव. डिस्क कोणती घालायची ते तोच सांगेल.

"पॅकेज सापडलं नाही" असं येतं, पण ते डिस्कवर आहे हे मला माहीत आहे.

ती डिस्क अजून एपीटी-सीडीरॉमने वाचलेली नाही. डिस्क ड्राइव्हमध्ये असणं आणि एपीटीला तिची ओळख असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

एपीटी अपडेट दिल्यावर सीडीरॉमच्या रिलीज फाइलबद्दल चूक दाखवतो.

अपडेटने नवी डिस्क ओळखता येत नाही, त्यासाठी एपीटी-सीडीरॉमच लागतं, हेच तो सांगत असतो. डिस्क वापरायच्याच असतील तर ती पुन्हा ॲड करा. पुढे कधी इंटरनेट आलं आणि डिस्क नको झाल्या, तर ईटीसीमधल्या एपीटी फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल उघडा आणि सीडीरॉमने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आधी हॅश चिन्ह टाका. ओळ पुसू नका, पुन्हा लागली तर चिन्ह काढलं की झालं.

दरवेळी डिस्क बदलायचा कंटाळा येतो. दुसरा मार्ग?

सगळ्या आयएसओ फाइली हार्ड डिस्कवर एका फोल्डरात ठेवा. प्रत्येकीसाठी रिकामा फोल्डर बनवा आणि माउंट कमांडला लूप पर्याय देऊन ती आयएसओ त्या फोल्डरात उघडा. मग सोर्सेस डॉट लिस्टमध्ये प्रत्येक फोल्डरसाठी एक ओळ लिहायची, सीडीरॉमच्या जागी फाइल असा पत्ता देऊन. डीव्हीडीवरच्या यादीला इंटरनेटवरच्या भांडारासारखी सही नसते, म्हणून त्या ओळीत चौकटी कंसात ट्रस्टेड बरोबर येस असं लिहावं लागतं. तुम्ही आधी बेरीज जुळवली असेल तरच हे लिहा. फाइल कुठून आली हे माहीत नसताना डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

संगणक बंद करून सुरू केल्यावर फोल्डर रिकामे दिसतील. एफएसटॅब फाइलमध्ये प्रत्येकाची ओळ टाकली की ते आपोआप उघडतात.

लॅबमध्ये वीस संगणक आहेत. प्रत्येकाला डिस्क फिरवत बसायचं?

नको. एका संगणकावर वर सांगितल्याप्रमाणे सगळ्या आयएसओ उघडा आणि त्यावर अपाचे वेब सर्व्हर बसवा. लॅबमधला स्विच आणि केबल एवढं पुरतं, इंटरनेटची गरज नाही. इतर संगणकांच्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये त्या एका संगणकाचा पत्ता द्या. आता वीसही जण एकाच भांडारातून पॅकेजेस घेतात. माझ्या मते कुठल्याही दुर्गम शाळेला देता येण्यासारखी ही सगळ्यात मोठी भेट आहे, आणि तिला लागतो फक्त एक जुना संगणक, ज्याला मॉनिटरसुद्धा नसला तरी चालतं.

पॅकेज डिस्कवरून बसतं, पण मध्येच इंटरनेट मागतं. असं का?

काही पॅकेजेस म्हणजे नुसती पिशवी असते, आतला माल बाहेरून आणायचा असतो. मायक्रोसॉफ्टचे टाइम्स, एरियल हे फॉन्ट बसवणारं पॅकेज असंच आहे. फॉन्ट डिस्कवर नसतात, पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवतं. त्याऐवजी लिबरेशन फॉन्ट वापरा, अक्षरांची रुंदी तीच असल्याने कागदपत्रं विस्कटत नाहीत. लहान मुलांच्या जीकॉम्प्री या शैक्षणिक खेळांच्या सॉफ्टवेअरमधले आवाजही वेगळे उतरवावे लागतात, म्हणून ते घरून निघायच्या आधी बघून घ्या.

वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्ड ओळखत नाही.

डेबियन १२ पासून फर्मवेअर, म्हणजे कार्डांना स्वतः चालायला लागणारं सॉफ्टवेअर, अधिकृत डिस्कवरच येतं, त्यामुळे बहुतेक वाय-फाय कार्डं चालतात. त्याआधी वेगळा पेनड्राइव्ह लागायचा. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर मात्र डिस्कवर नसतो. वर्गातल्या कामाला मुक्त ड्रायव्हर पुरतो.

मराठी टायपिंगचं काय?

मराठीत इन्स्टॉल केलं असेल तर फॉन्टची काळजी घेतलेली असते. इंग्रजीत केलं असेल तर टास्क-मराठी-डेस्कटॉप हे पॅकेज बसवा. टायपिंगसाठी आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज घ्या, त्यात इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार अशा दोन्ही पद्धती आहेत. जे शिक्षक आधीच इनस्क्रिप्ट शिकलेले असतात, त्यांची बोटं पहिल्या ओळीपासूनच चालतात.

इंटरनेट नाही म्हणजे सुरक्षा अपडेट कधीच नाहीत?

मिळतात, थोडं चालावं लागतं. रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकसकाने एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन याच अडचणीसाठी लिहिलं. ते संचातल्याच एका डिस्कवर आहे. आधी त्या संगणकाच्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये मुख्य भांडाराची आणि सुरक्षा भांडाराची ओळ टाका. मग एपीटी-ऑफलाइन सेट कमांडने काय काय हवं त्याची चिठ्ठी बनवा, म्हणजे एक छोटी फाइल. ती पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जा. तिथल्या संगणकावर एपीटी-ऑफलाइन गेट ती चिठ्ठी वाचून सगळं उतरवतं आणि एका गाठोड्यात बांधतं. तो संगणक विंडोजचा असला तरी पायथन असेल तर काम होतं. गाठोडं परत आणून एपीटी-ऑफलाइन इन्स्टॉल दिलं की झालं. पहिल्या फेरीत फक्त याद्या ताज्या होतात, पॅकेजेस आणायला दुसरी फेरी लागते. हे आधी सांगितलं नाही तर लोकांना वाटतं की काहीच झालं नाही.

कायम बंद असलेल्या लॅबमध्ये धोका पेनड्राइव्हमधून येतो, तरी वर्षातून दोनदा ही फेरी मारा. सुट्टी लागण्याआधी एक, शाळा सुरू होताना एक.

पुढची आवृत्ती आली की सगळं पुसायचं का?

गरज नाही. १२ वरून १३ वर डिस्कनेच जाता येतं, मधली आवृत्ती वगळून मात्र जाता येत नाही. आधी जुन्या डिस्कच्या ओळींपुढे हॅश टाका, नव्या संचाच्या सगळ्या डिस्क एपीटी-सीडीरॉमने वाचून घ्या, मुलांच्या फाइलींची प्रत बाहेर काढा आणि मगच एपीटी फुल-अपग्रेड द्या. ३२-बिट संगणक तेवढे १२ वरच राहू द्या, आणि त्यांचा डीव्हीडींचा डबा वेगळा ठेवून त्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा.